ब्राउझर अपडेटची सक्ती करायची तर रीलाँचपासून सुरुवात करा

प्रश्न थोडक्यात असा: एका नागरी सहकारी बँकेत मुख्य कार्यालय आणि २२ शाखा मिळून साडेतीनशेच्या आसपास विंडोज संगणक आहेत, सगळे अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या डोमेनमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या केंद्रीय व्यवस्थापनाखालच्या एकाच जाळ्यात). क्रोम आणि एज दोन्ही वापरात आहेत, अपडेट 'ऑटो'वर आहेत, तरी आयटी लेखापरीक्षणात कित्येक मशीनवर महिना-दीड महिना जुन्या आवृत्त्या सापडल्या. ग्रुप पॉलिसीने, म्हणजे सगळ्या मशीनची सेटिंग्ज एका जागेवरून ठरवणाऱ्या नियमांनी, सक्ती कशी करायची, आणि ती करताना काउंटरचे काम कसे अडू द्यायचे नाही?

आधी दुखणे नेमके कुठे आहे ते पाहू. बहुतेक ठिकाणी अपडेट येत नाही असे नसते. ते येते, डिस्कवर उतरते आणि ब्राउझर बंद होण्याची वाट बघत पडून राहते. शाखेतला संगणक संध्याकाळी बंद न करता नुसता लॉक करून ठेवायची सवय असेल, तर क्रोमची तीच खिडकी तीन-तीन आठवडे उघडी असते आणि तेवढे दिवस जुनाच कोड चालू असतो.

एखाद्या मशीनवर प्रोग्रॅम फाइल्समधल्या गूगल, क्रोम, अ‍ॅप्लिकेशन या फोल्डरमध्ये जाऊन पाहा. चालू असलेली 'क्रोम.ईएक्सई' बदलता येत नाही, म्हणून अपडेटर नवी फाइल 'न्यू_क्रोम.ईएक्सई' या नावाने शेजारी ठेवतो आणि नव्या आवृत्तीच्या क्रमांकाचे वेगळे फोल्डर तयार करतो. क्रोमच्या सगळ्या प्रोसेस बंद होऊन तो पुन्हा सुरू झाला (यालाच रीलाँच म्हणतात) की नावांची अदलाबदल होते आणि मगच नवी आवृत्ती लागू होते. एजचेही तसेच, तिथे फाइलचे नाव 'न्यू_एमएसएज.ईएक्सई' असते. ही फाइल दिसली, याचा अर्थ अपडेट पोहोचले आहे पण लागलेले नाही.

इथेच अहवाल फसतात. गूगल अपडेट, म्हणजे क्रोमचा अपडेटर, रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) 'पीव्ही' या नावाखाली नवी आवृत्ती लिहून मोकळा होतो. ब्राउझर चालू असताना अपडेट आले असेल तर जुनी आवृत्ती 'ओपीव्ही' म्हणून शेजारी नोंदलेली असते. तुमचे इन्व्हेंटरी सॉफ्टवेअर फक्त 'पीव्ही' वाचत असेल तर डॅशबोर्डवर सगळे हिरवे दिसते आणि लेखापरीक्षकाचा स्कॅनर मात्र जुनी फाइल पकडतो. उलटेही होते: अपडेट लागलेले असते, पण जुन्या आवृत्तीचे फोल्डर मागे राहिलेले असते आणि स्कॅनर त्यातली डीएलएल (प्रोग्रॅमची सहायक फाइल) पाहून मशीन असुरक्षित ठरवतो. लेखापरीक्षणाच्या मुद्द्याला उत्तर देण्याआधी या दोन्ही शक्यता तपासा.

अपडेट न लागता गेलेले दिवस किती महाग पडतात ते २०२३ च्या सप्टेंबरात दिसले. वेबपी प्रतिमा उलगडणाऱ्या लिबवेबपी या लायब्ररीतला दोष (सुरक्षा दोषांच्या यादीतला क्रमांक सीव्हीई-२०२३-४८६३) ६ सप्टेंबरला गूगलकडे कळवला गेला आणि ११ सप्टेंबरला क्रोमची दुरुस्ती बाहेर आली. त्या वेळी या दोषाचा प्रत्यक्ष गैरवापर सुरू होता. म्हणजे दुरुस्ती पाच दिवसांत तयार झाली. क्रोमची रीलाँचसाठीची सूचना-मुदत मुळात सात दिवसांची आहे आणि तीही पॉलिसी लावली असेल तरच सक्तीची होते. पॉलिसी नसेल तर उजव्या कोपऱ्यातल्या बटणाचा रंग आणि मजकूर बदलतो, बाकी काही नाही. काउंटरवरचा माणूस त्या बटणाकडे का म्हणून पाहील? शिवाय क्रोम ११६ पासून, म्हणजे ऑगस्ट २०२३ पासून, सुरक्षा दुरुस्त्या दर आठवड्याला येतात. 'महिन्यातून एकदा पॅच मंगळवार' हे मायक्रोसॉफ्टच्या मासिक दुरुस्त्यांचे वेळापत्रक ब्राउझरला लावले तर तुम्ही कायम तीन-चार दुरुस्त्या मागे असता.

टेम्प्लेट आणि अपडेटची पॉलिसी

टेम्प्लेट, म्हणजे ग्रुप पॉलिसीत नवी सेटिंग्ज आणणाऱ्या फाइल, पाच लागतात: क्रोमकडून 'गूगल', 'क्रोम' आणि 'गूगलअपडेट', एजकडून 'एमएसएज' आणि 'एमएसएजअपडेट'. एडीएमएक्स फाइल डोमेनच्या सिसव्हॉलमधल्या (सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरमधल्या) पॉलिसीज फोल्डरखालच्या पॉलिसीडेफिनिशन्समध्ये जातात आणि एडीएमएल फाइल त्याच्या आतल्या भाषेच्या फोल्डरमध्ये. बहुतेक जण क्रोमचे टेम्प्लेट टाकतात आणि गूगलअपडेटचे विसरतात. मग ब्राउझर कसा वागावा हे ठरवता येते, अपडेटरला मात्र काहीच सांगता येत नाही, कारण तो वेगळा प्रोग्रॅम आहे आणि त्याच्या पॉलिसी वेगळ्या ठिकाणी राहतात.

नवा जीपीओ (ग्रुप पॉलिसीचा एक संच) करा आणि तो आधी पंधरा-वीस मशीनच्या चाचणी ओयूला (डोमेनमधल्या मशीनच्या गटाला) जोडा. त्या मशीनमध्ये मुख्य कार्यालयाबरोबर निदान दोन शाखांचे काउंटर असावेत, कारण अडचणी तिथेच निघतात. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशनखाली अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, गूगल, गूगल अपडेट, अ‍ॅप्लिकेशन्स, गूगल क्रोम असे जा आणि 'अपडेट पॉलिसी ओव्हरराइड' चालू करून 'ऑलवेज अलाऊ अपडेट्स' निवडा. रजिस्ट्रीत ही किंमत १ दिसते. ० म्हणजे अपडेट बंद, २ म्हणजे फक्त हाताने, ३ म्हणजे फक्त आपोआप. ३ दिसायला बरी वाटते, पण तिच्यात वापरकर्त्याला 'अबाउट' पानावरून लगेच अपडेट मागवता येत नाही. तातडीच्या दिवशी शाखेला फोन करून 'अबाउट उघडा' एवढे सांगण्याची सोय हातात ठेवायची असेल तर १ च ठेवा.

यानंतरचे काम कंटाळवाणे आहे, तरी टाळू नका: जुने जीपीओ शोधा. कधीतरी एखादे अ‍ॅप्लिकेशन नव्या क्रोममध्ये चालले नाही म्हणून कोणीतरी अपडेट बंद केलेले असते, आणि तो माणूस नोकरी सोडून गेला तरी जीपीओ तिथेच असतो. मशीनवर 'जीपीरिझल्ट' या विंडोजच्या आदेशाने एचटीएमएल अहवाल काढा आणि गूगल अपडेटखाली कोणकोणते जीपीओ किंमत लिहितात ते पाहा. डोमेनबाहेर, इमेज (मशीन बसवण्याची साचेबंद प्रत) तयार करतानाच लिहिलेल्या किमती या अहवालात येत नाहीत. त्यासाठी रजिस्ट्रीत एचकेएलएमखालच्या सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, अपडेट या कीमध्ये प्रत्यक्ष पाहावे लागते. तिथेच 'टार्गेट व्हर्जन प्रिफिक्स' भरलेला आहे का तेही बघा. एखाद्या आवृत्तीचा क्रमांक आणि पुढे टिंब असा प्रिफिक्स असेल, तर क्रोम त्याच मुख्य आवृत्तीवर थांबतो. पुढची मुख्य आवृत्ती बाहेर पडली की साध्या स्टेबल चॅनेलवर (सर्वांसाठीच्या नेहमीच्या मालिकेत) आधीच्या आवृत्तीला दुरुस्त्या येणे संपते. अपडेट 'चालू' असते आणि मशीन हळूहळू उघडे पडत जाते.

मुख्य आवृत्त्या कमी वेळा बदलाव्यात असे वाटत असेल तर त्यासाठी एक्स्टेंडेड स्टेबल चॅनेल आहे. त्यात मुख्य आवृत्ती आठ आठवडे टिकते आणि सुरक्षा दुरुस्त्या मिळत राहतात. कोअर बँकिंगचा (बँकेच्या मुख्य व्यवहार-प्रणालीचा) विक्रेता प्रत्येक आवृत्तीची चाचणी घ्यायला वेळ मागत असेल तर प्रिफिक्स भरण्यापेक्षा हा मार्ग घ्या.

तपासणीचा कालावधी सहसा बदलावा लागत नाही. गूगल अपडेट मूळ सेटिंगमध्ये साधारण पाच तासांनी सर्व्हरला विचारतो. एज दहा तासांनी. या जागी ० लिहिले तर तपासणी बंद पडते. '० म्हणजे लगेच' अशा समजुतीने भरलेले शून्य बऱ्याच ठिकाणी सापडते.

एजसाठी हीच रचना मायक्रोसॉफ्ट एज अपडेटखाली आहे. तिथे वेबव्ह्यू२ रनटाइमची (इतर प्रोग्रॅमना एजचे इंजिन पुरवणाऱ्या घटकाची) नोंद वेगळी असते, तिच्याकडे लक्ष असू द्या. टीम्स, नवे आउटलुक आणि बरीच विक्रेत्यांची अ‍ॅप्लिकेशन्स आतून वेबव्ह्यू२ वापरतात आणि त्याचे अपडेट एजच्या अपडेटरकडूनच येते. 'आमच्याकडे एज कोणी वापरत नाही' म्हणून एज अपडेटची सर्व्हिस बंद करणाऱ्या कार्यालयात ब्राउझरचेच इंजिन दुसऱ्या नावाने जुने होत जाते.

रीलाँचची सक्ती

क्रोमच्या टेम्प्लेटमध्ये, गूगल अपडेटच्या नव्हे, 'रीलाँच नोटिफिकेशन' ही पॉलिसी आहे. १ म्हणजे शिफारस: वापरकर्त्याला सूचना दिसते, ती बंद करून तो काम चालू ठेवू शकतो. २ म्हणजे सक्ती: सूचना वारंवार येते आणि मुदत संपली की उलटमोजणी दाखवून ब्राउझर स्वतः पुन्हा सुरू होतो. सुरुवातीचे दोन आठवडे सगळीकडे १ ठेवा आणि मग २ करा. थेट २ लावले तर पहिल्याच आठवड्यात शाखाधिकाऱ्यांचे फोन येतात आणि पॉलिसी मागे घ्यावी लागते. एकदा मागे घेतलेली पॉलिसी पुन्हा लावणे फार जड जाते.

मुदत 'रीलाँच नोटिफिकेशन पीरियड'मध्ये मिलिसेकंदांत भरायची असते. सात दिवस म्हणजे ६०४८०००००, तीन दिवस २५९२०००००, दोन दिवस १७२८०००००, एक दिवस ८६४०००००. किमान मर्यादा एका तासाची, म्हणजे ३६००००० आहे. शून्ये मोजून भरा. एक शून्य कमी पडले तर तीन दिवसांची मुदत सात तास बारा मिनिटांवर येते आणि दुपारी चार वाजता सगळ्या शाखांचे ब्राउझर एका मागोमाग बंद होऊन उघडू लागतात. रोजच्यासाठी तीन दिवस योग्य. एखाद्या दोषाचा प्रत्यक्ष गैरवापर चालू आहे असे गूगल किंवा मायक्रोसॉफ्टने जाहीर केले, तर त्या आठवड्यापुरता एक दिवस करा. त्यासाठी एक दिवसाच्या मुदतीचा दुसरा जीपीओ आधीच बनवून ठेवा, त्याची जोडणी निष्क्रिय ठेवा आणि प्राधान्यक्रम वरचा द्या. घाईत आकडे बदलण्यापेक्षा तयार जोडणी सक्रिय करणे सुरक्षित.

बँकेच्या दृष्टीने खरी कामाची तिसरी पॉलिसी आहे: 'रीलाँच विंडो'. मुदत संपली तरी सक्तीचा रीस्टार्ट ठरलेल्या वेळेतच व्हावा, असे तिने सांगता येते. सुरू होण्याचा तास, मिनिट आणि मिनिटांतला कालावधी जेसॉनच्या (ठरावीक मांडणीतल्या मजकुराच्या) रूपात भरायचा असतो. इथे जवळजवळ सगळे रात्री दोनची वेळ भरतात, सर्व्हरच्या सवयीने. शाखेतला संगणक रात्री बंद किंवा स्लीपमध्ये असतो, त्यामुळे त्या वेळेचा उपयोग होत नाही. मशीन चालू असते आणि ग्राहक नसतात अशी वेळ शोधा. जेवणाच्या सुट्टीची वेळ शाखागणिक वेगळी असेल तर रोखीचे व्यवहार संपल्यानंतरचा, दिवसअखेरीच्या आधीचा तास घ्या. दिवसअखेरीची प्रक्रिया ब्राउझरमधूनच चालत असेल तर ती वेळ अर्थातच सोडा.

रीस्टार्टनंतर टॅब परत उघडतात, पण त्यांत अर्धवट भरलेला मजकूर परत येईलच असे नाही. कोअर बँकिंगचे सत्र तुटू शकते, अर्धे भरलेले व्हाउचर पुन्हा भरावे लागते, आणि इन्कॉग्निटो खिडक्या तर परत उघडतच नाहीत. म्हणून लोकांना आधी कळले पाहिजे. परिपत्रकाच्या भाषेत नको, असे काहीतरी लिहा: 'क्रोममध्ये वर उजव्या कोपऱ्यात रीलाँचची सूचना दिसली, तर हातातला व्यवहार पूर्ण करून रीलाँच दाबा. एक-दोन मिनिटे लागतात. तीन दिवसांत दाबले नाही, तर तिसऱ्या दिवसानंतर संध्याकाळी पाच ते सहाच्या दरम्यान क्रोम आपोआप बंद होऊन पुन्हा उघडेल. त्या वेळी अर्धवट भरलेले व्हाउचर जाईल.' हा मजकूर शाखेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर स्क्रीनच्या फोटोसह गेला की हेल्पडेस्कचे निम्मे काम हलके होते.

'कंटिन्यू रनिंग बॅकग्राउंड अ‍ॅप्स' हे सेटिंग पॉलिसीने बंद करा. ते चालू असेल तर वापरकर्ता खिडकी बंद करतो आणि क्रोमची प्रोसेस पार्श्वभूमीत जिवंत राहते. 'मी रोज क्रोम बंद करते' असे सांगणारी कर्मचारी खरेच सांगत असते, तरी अपडेट लागलेले नसते.

टर्मिनल सर्व्हर असेल तर वेगळा विचार करावा लागतो. एकाच सर्व्हरवर वीस जण एकच क्रोम वापरतात आणि त्यातल्या एकाचेही सत्र नुसते डिस्कनेक्ट होऊन राहिले, तरी प्रोसेस चालू राहते आणि फाइलची अदलाबदल होत नाही. डिस्कनेक्ट झालेले सत्र ठरावीक तासांनी संपवणारी रिमोट डेस्कटॉपची पॉलिसी लावा आणि सर्व्हर आठवड्यातून एकदा रात्री रीबूट करा. दररोज मूळ इमेजवर परत जाणारे व्हर्च्युअल डेस्कटॉप असतील तर त्यांच्यात अपडेटर बंद ठेवून मूळ इमेज दर आठवड्याला अपडेट करायची. नाहीतर प्रत्येक डेस्कटॉप रोज सकाळी तेच अपडेट नव्याने उतरवतो.

अपडेट पोहोचतच नसेल तर

वरचे सगळे झाल्यावरही काही मशीन मागे राहतात, आणि ती बहुधा ठरावीक शाखांत सापडतात. बरेचदा कारण प्रॉक्सी (इंटरनेटकडे जाणारी विनंती ज्यातून जाते तो मधला सर्व्हर) असते. गूगल अपडेट सिस्टिम खात्याखाली चालतो. प्रॉक्सी वापरकर्त्याचे नाव-पासवर्ड मागत असेल तर ब्राउझर सुरळीत चालतो, अपडेटर मात्र दाराशी अडतो, आणि वापरकर्त्याला काहीच जाणवत नाही. फायरवॉलवर एचटीटीपीएस उलगडून तपासणी होत असेल तरीही असेच. गूगलच्या अपडेट आणि डाउनलोडच्या डोमेनना, म्हणजे अपडेट.गूगलएपीआयज.कॉम, डीएल.गूगल.कॉम आणि जीव्हीटी१.कॉमची उपडोमेन, प्रमाणीकरणातून आणि तपासणीतून सूट द्या. एजसाठी मायक्रोसॉफ्टच्या डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनच्या डोमेनना तशीच सूट लागते. आयपी पत्त्यांवर नियम लिहू नका, ते बदलत राहतात.

दुसरे कारण लिंकचा वेग. पूर्ण इन्स्टॉलर शंभर एमबीच्या पुढे जातो. पंधरा मशीन आणि प्रत्येकी ११० एमबी धरले तर १६५० एमबी झाले. ४ एमबीपीएसच्या लिंकवर ती पूर्ण लिंक खाऊन ५५ मिनिटे लागतील, आणि तेवढा वेळ कोअर बँकिंग रांगेत. यावर 'अपडेट्स सप्रेस्ड' ही पॉलिसी वापरता येते: सुरुवात साडेनऊ, कालावधी १८० मिनिटे, म्हणजे साडेबारापर्यंत तपासणी होणार नाही. कालावधी ९६० मिनिटांपेक्षा जास्त देता येत नाही आणि देण्याची गरजही नाही. शाखेचा संगणक दहा ते सहा चालू राहतो. त्यातले आठही तास झाकले तर अपडेटला वेळच उरत नाही, हे गणित मांडूनच ही पॉलिसी लावा. मुख्य कार्यालयात कॅशिंग प्रॉक्सी असेल तर 'डाउनलोड प्रेफरन्स'मध्ये 'कॅशेबल' हा शब्द भरा. मग तीच फाइल बाहेरून एकदाच येते. एजच्या बाबतीत डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनने शाखेतली मशीन एकमेकांकडून तुकडे घेऊ शकतात.

तिसरे कारण घरचेच असते. संगणक 'हलका' करण्यासाठी चालवलेली स्क्रिप्ट किंवा एखादे क्लीनर सॉफ्टवेअर अपडेटरची सर्व्हिस आणि शेड्यूल्ड टास्क बंद करते. टास्क शेड्यूलरमध्ये गूगल अपडेटची नोंद आहे का आणि ती शेवटची कधी चालली ते पाहा. ती नसेल तर एंटरप्राइझ एमएसआय (क्रोमचा संस्थांसाठीचा इन्स्टॉलर) पुन्हा चालवणे सर्वांत सोपे, त्यात अपडेटरही नव्याने बसतो.

चौथे: वापरकर्त्याने स्वतःच्या प्रोफाइलमध्ये टाकलेले क्रोम. प्रशासकाचे अधिकार नसले तरी ते 'लोकल अ‍ॅपडेटा'मध्ये बसते. प्रोग्रॅम फाइल्स तपासणाऱ्या यादीत ते येत नाही आणि स्कॅनर मात्र पकडतो. प्रत्येक प्रोफाइलमध्ये शोध घेऊन ते काढा आणि पुढे अ‍ॅपलॉकरने त्या जागेवरून ब्राउझर चालवणे बंद करा. पेन ड्राइव्हवरच्या पोर्टेबल ब्राउझरसाठीही तसाच नियम लावा.

डोमेनमध्ये नसलेले लॅपटॉप असतील तर एक गोष्ट माहीत हवी: गूगल अपडेटच्या पॉलिसी डोमेनबाहेरच्या विंडोजवर रजिस्ट्रीत लिहूनही लागू होत नाहीत. असे लॅपटॉप क्रोमच्या क्लाउड व्यवस्थापनात नोंदवा. मूळ सेवेला पैसे पडत नाहीत. नोंदणीचे टोकन मशीनवर लिहिले की पॉलिसी आणि आवृत्तीचा अहवाल दोन्ही मिळतात. डोमेनमधली मशीनही फक्त अहवालासाठी तिथे नोंदवणे फायद्याचे आहे. मात्र एकच पॉलिसी दोन्हीकडे वेगळी लिहिली असेल तर मूळ क्रमानुसार मशीनवरचा जीपीओ क्लाउडच्या वर ठरतो. कन्सोलमध्ये बदल केला आणि मशीनवर दिसत नाही, ही तक्रार बहुधा यातूनच येते. खात्री करायची असेल तर ब्राउझरमध्ये 'क्रोम://पॉलिसी' उघडा. प्रत्येक पॉलिसीची किंमत, ती कुठून आली आणि कुणाशी टकरावते ते तिथे दिसते. गूगल अपडेटच्या पॉलिसीही त्याच पानावर वेगळ्या गटात असतात. एजमध्ये 'एज://पॉलिसी', फायरफॉक्समध्ये 'अबाउट:पॉलिसीज'.

फायरफॉक्स थोड्या मशीनवर असेल तर ईएसआर (दीर्घकाळ टिकणारी आवृत्ती) ठेवा, 'अ‍ॅप ऑटो अपडेट' आणि 'बॅकग्राउंड अ‍ॅप अपडेट' चालू करा. नाहीतर काढूनच टाका. तीन ब्राउझर सांभाळण्याइतके मनुष्यबळ सहकारी बँकेत क्वचितच असते.

मोजायचे काय, आणि अडवायचे कधी

रोज सकाळी प्रत्येक मशीनवरून तीन गोष्टी गोळा करा: 'क्रोम.ईएक्सई'ची फाइल-आवृत्ती, रजिस्ट्रीतले 'पीव्ही', आणि 'न्यू_क्रोम.ईएक्सई' आहे की नाही. फाइल आणि 'पीव्ही' दोन्ही नवी असतील तर मशीन ठीक. 'पीव्ही' नवे, फाइल जुनी आणि 'न्यू_क्रोम' हजर असेल तर रीलाँच अडले आहे, म्हणजे माणसाशी बोलायचे. दोन्ही जुनी असतील तर अपडेटर किंवा नेटवर्क बिघडले आहे, म्हणजे तंत्रज्ञ पाठवायचा. या विभागणीमुळे साडेतीनशेच्या यादीतून हाताळण्याजोगी दहा-पंधरा नावे निघतात.

'सर्वांत नवी आवृत्ती नसेल तर नापास' असा नियम मात्र करू नका. गूगल नवी स्टेबल आवृत्ती सगळ्यांना एकाच दिवशी देत नाही, टप्प्याटप्प्याने सोडतो. तुमचे मशीन निर्दोष असूनही दोन-चार दिवस मागे असू शकते. दुरुस्ती जाहीर झाल्यापासून सात दिवसांत लागलेली असावी, आणि गैरवापर सुरू असलेल्या दोषासाठी तीन दिवसांत, अशी मुदत धोरणात लिहा. रिझर्व्ह बँकेच्या नागरी सहकारी बँकांसाठीच्या १९ ऑक्टोबर २०१८ च्या मूलभूत सायबर सुरक्षा चौकटीत मालमत्तेची यादी आणि पॅच व्यवस्थापन दोन्ही येतात. लेखापरीक्षकाला दाखवायला अशी लेखी मुदत आणि रोजचा अहवाल, ही जोडी एका दिवशीच्या शंभर टक्क्यांच्या स्क्रीनशॉटपेक्षा भक्कम ठरते.

मुदत उलटलेले मशीन अडवायचे असेल तर प्रॉक्सीवर यूजर एजंट (ब्राउझर संकेतस्थळाला सांगतो ती स्वतःची ओळख) पाहून अडवण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो आता अपुरा आहे. क्रोम १०१ पासून यूजर एजंटमध्ये फक्त मुख्य आवृत्ती दिसते, पुढचे आकडे शून्य असतात. साप्ताहिक दुरुस्ती लागली की नाही हे त्यावरून कळणारच नाही. इंट्यून (मायक्रोसॉफ्टची उपकरण-व्यवस्थापन सेवा) असेल तर कस्टम कम्प्लायन्सची पॉवरशेल स्क्रिप्ट लिहा आणि तिचा निकाल कंडिशनल अ‍ॅक्सेसला जोडा. इंट्यून नसेल तर सोपा मार्ग असा: मुदत उलटलेली मशीन डिरेक्टरीतल्या एका (एडी) गटात टाका आणि फायरवॉलवर त्या गटाला कोअर बँकिंग व अपडेटची डोमेन सोडून बाकी इंटरनेट बंद करा. काउंटर चालू राहतो, आणि बाकीची संकेतस्थळे उघडेनाशी झाली की फोन आपणहून येतो.

नव्या आवृत्तीने काहीतरी मोडेल ही भीती खोटी नाही, आणि तिच्यासाठी चाचणी गटातल्या निदान पाच मशीनवर बीटा चॅनेल (पुढच्या आवृत्तीची चाचणी प्रत) ठेवा. २०२५ मधल्या क्रोम १४२ पासून, एखाद्या संकेतस्थळाला स्थानिक नेटवर्कमधल्या किंवा त्याच संगणकावरच्या पत्त्याशी बोलायचे असेल तर वापरकर्त्याची परवानगी मागितली जाते. डिजिटल सही, बायोमेट्रिक उपकरण किंवा पासबुक प्रिंटरसाठी संगणकावर छोटी स्थानिक सेवा चालवणाऱ्या अ‍ॅप्लिकेशन्सना अशा बदलांचा फटका बसू शकतो. बीटावर ते काही आठवडे आधी दिसते आणि त्या संकेतस्थळांना 'लोकल नेटवर्क अ‍ॅक्सेस अलाऊड फॉर यूआरएल्स' या पॉलिसीत आगाऊ घालता येते. तरीही एखादी आवृत्ती मागे घ्यावीच लागली, तर प्रिफिक्सबरोबर 'रोलबॅक टू टार्गेट व्हर्जन' वापरा. त्यात वापरकर्त्याचा डेटा जुन्या प्रतीवर परत जातो, मधल्या काळातले बुकमार्क जातात. शिवाय ज्या दुरुस्तीसाठी पुढे गेलो होतो तीही जाते, म्हणून रोलबॅकचा जीपीओ काढण्याची तारीख त्याच्या नावातच लिहा.

सूट मागणारी मशीन उरतात. जुन्या सरकारी किंवा विक्रेत्याच्या पोर्टलला इंटरनेट एक्सप्लोरर लागतो हे कारण असेल, तर एजमधला आयई मोड आणि एंटरप्राइझ साइट लिस्ट वापरा. मायक्रोसॉफ्टने तो निदान २०२९ पर्यंत चालवण्याचे जाहीर केले आहे, त्यामुळे जुना ब्राउझर जपायची गरज नाही. विंडोज ७ वर अजून पासबुक छापणारे मशीन असेल तर तिथे क्रोम १०९ च्या पुढे जाणारच नाही, कितीही पॉलिसी लावल्या तरी. त्या मशीनचे इंटरनेट पूर्ण बंद करा, फायरवॉलवर फक्त कोअर बँकिंग सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट उघडा ठेवा, यूएसबी बंद करा, आणि सूट-नोंदवहीत बदलण्याची तारीख व जबाबदार अधिकाऱ्याचे पद लिहून व्यवस्थापनाची सही घ्या.